कोंबडीच्या पेशींवर एलपीएसचा पहिला प्रयोग : गोव्यातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

एमएससीच्या प्रकल्पात किंवा पीएचडीच्या सुरुवातीला ‘कोंबडीची रोगप्रतिकारशक्ती’ हा विषय वाट्याला आला, की बहुतेक जण आधी इम्युनॉलॉजीचं जाडजूड पाठ्यपुस्तक उघडतात. घोटाळा तिथूनच सुरू होतो, कारण ते पुस्तक उंदराचं आणि माणसाचं असतं. कोंबडीची यंत्रणा पुष्कळशी तशीच आहे, पण जिथे वेगळी आहे तिथे ती नेमकी तुमच्या प्रयोगाच्या आड येते. मग महिनाभराचं काम झाल्यावर कळतं की जे शोधत होतो ते कोंबडीत मुळातच नाही.

हा लेख त्यासाठी आहे. जिवाणूचा एखादा रेणू कोंबडीच्या पेशीला लागला की पेशीच्या आत काय घडतं आणि ते मोजायचं कसं, हे पहिल्यांदा करणाऱ्याला पुरेल इतकं सांगते. उदाहरण एलपीएसचं, म्हणजे लिपोपॉलिसॅकराइडचं घेतलं आहे. तो सहज मिळतो, त्याच्यावर पुष्कळ काम झालेलं आहे आणि चुकीचा निकाल देण्यातही तोच पहिला आहे.

१. आधी कागदावर कोंबडीची साखळी काढा

प्रयोगशाळेत जाण्याआधी एक दुपार या कामाला द्या. एका बाजूला जिवाणूचे रेणू लिहा, त्यांच्यासमोर ते ओळखणारे कोंबडीचे रिसेप्टर.

ई. कोलाय किंवा साल्मोनेलासारख्या ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एलपीएस असतो. त्याचा ‘लिपिड ए’ हा भाग पेशीला जागं करतो. तो ओळखतो टीएलआर-४ (टीएलआर म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर), आणि त्याला एमडी-२ व सीडी-१४ या प्रथिनांची मदत लागते. जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन टीएलआर-५ ओळखतो. जिवाणूंची लिपोप्रोटिनं टीएलआर-२ आणि टीएलआर-१ जोडीने ओळखतात. कोंबडीत या दोघांच्याही दोन-दोन आवृत्त्या आहेत.

इथपर्यंत पाठ्यपुस्तक बऱ्यापैकी साथ देतं. पुढे देत नाही. जिवाणूचा सीपीजी डीएनए ओळखायला उंदीर-माणसांत टीएलआर-९ असतो. कोंबडीत तो जीनच नाही. हे काम तिच्यात टीएलआर-२१ करतो. टीएलआर-९चे प्रायमर मागवून पीसीआर लावला तर पट्टी येणार नाही, आणि आलीच तर ती दुसऱ्याच कशाची तरी असेल. शिवाय कोंबडीत टीएलआर-१५ आहे, जो सस्तन प्राण्यांत नाही. तो जिवाणू आणि बुरशी बाहेर सोडतात त्या प्रोटिएज एन्झाइमांनी जागा होतो. हे लक्षात ठेवा, सातव्या पायरीत कामाला येईल.

आता एलपीएसची आतली साखळी. टीएलआर-४ जागा झाला की मायडी-८८ हे जोडप्रथिन येऊन चिकटतं. त्याच्यामागे आयरॅक गटातली किनेज (फॉस्फेट लावणारी एन्झाइमं), मग ट्राफ-६, मग टॅक-१. तिथून दोन वाटा फुटतात. एका वाटेवर आयकेके किनेज आय-कप्पा-बी या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, ते प्रथिन मोडतं आणि त्याने अडवून धरलेला एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरतो. दुसऱ्या वाटेवर पी-३८, ईआरके आणि जेएनके ही किनेज कामाला लागतात. दोन्हींचा परिणाम म्हणजे आयएल-१ बीटा, आयएल-६, आयएल-८ या सायटोकाइनांचे (पेशींमधल्या निरोप्या प्रथिनांचे) जीन चालू होतात आणि आयनॉस हे एन्झाइम तयार होतं. आयनॉस नायट्रिक ऑक्साइड बनवतं. आपण शेवटी तेच मोजणार आहोत.

उंदरात टीएलआर-४ला आणखी एक रस्ता असतो. ट्रॅम आणि ट्रिफ या प्रथिनांतून जाणारा, इंटरफेरॉन-बीटा चालू करणारा. कोंबडीत ट्रॅम नाही, त्यामुळे एलपीएसने तो रस्ता उघडत नाही. भरीला आयआरएफ-३ हाही कोंबडीत नाही. त्याचं काम आयआरएफ-७कडे आहे. कोंबडी एलपीएसचे मोठे डोस सहन करते, त्यामागचं एक कारण हे असावं असं मानलं जातं. तुमच्या प्रकल्पाच्या उद्दिष्टांत ‘एलपीएस दिल्यावर इंटरफेरॉन-बीटा किती वाढतो’ असं वाक्य असेल, तर ते आजच गाइडसमोर ठेवा.

टीएनएफ-अल्फा या सायटोकाइनचंही तसंच. कोंबडीत तो नाहीच असं कितीतरी वर्षं धरलं जात होतं. २०१८मध्ये त्याचा जीन सापडला. म्हणून जुने शोधनिबंध वाचताना साल बघत चला. आणि माणसाच्या टीएनएफचं एलायझा किट कोंबडीच्या नमुन्यावर चालवू नका. त्यात येणारा आकडा कशाचाच नसतो.

एक गोष्ट इथे थांबून सांगावीशी वाटते, कारण या सगळ्या अक्षरांच्या गर्दीचा खऱ्या कोंबडीशी काय संबंध, असं नव्या मुलांना वाटतं. साल्मोनेला एन्टेरिटिडिसला शेपूट असते. पक्ष्यांचा टायफॉइड करणाऱ्या साल्मोनेला गॅलिनॅरमला आणि पिलांना पांढरी हगवण लावणाऱ्या पुलोरमला ती नसते. शेपूट नाही म्हणजे फ्लॅजेलिन नाही, म्हणजे टीएलआर-५ गप्प. आतड्यात फारसा गाजावाजा न होता हे जिवाणू आत शिरतात आणि यकृत-प्लीहेपर्यंत पोचतात. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घरामागच्या खुराड्यात गावठी कोंबड्या एकामागून एक मान टाकतात, त्याच्या मुळाशी कधीकधी एका रिसेप्टरला न मिळालेला इशारा असतो.

२. परवानग्या : सगळ्यात आधी अर्ज, मग खरेदी

जिवंत पक्ष्याचं रक्त घ्यायचं असेल, तर संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. ती समिती केंद्राच्या सीसीएसईएकडे नोंदलेली असावी लागते. जुनी माणसं अजून सीपीसीएसईए म्हणतात. कायदा १९६०चा, नियम १९९८चे. अर्ज फॉर्म बी मध्ये. समितीच्या बैठका काही दर महिन्याला होत नाहीत, त्यामुळे विषय ठरला त्याच आठवड्यात अर्जाला लागा.

खाटकाच्या दुकानातून कापलेल्या पक्ष्याचं रक्त आणलं तर मंजुरी नको, असं बरेच जण सांगतील. समितीला लेखी विचारा आणि लेखी उत्तर फाइलला लावा. प्रबंध तपासताना हाच कागद मागतात.

फाइलमध्ये एवढं असू द्या :
– फॉर्म बी आणि मंजुरीचं पत्र
– संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची नोंद
– पोल्ट्रीमालकाचं संमतिपत्र
– पक्ष्यांची जात, वय, लिंग, दिलेल्या लसी आणि खाद्यातली औषधं
– सेल लाइन दुसऱ्या प्रयोगशाळेकडून घेणार असाल तर हस्तांतर करार
– जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट कोण लावणार त्याची नोंद

लसींचा तपशील ही औपचारिकता समजू नका. नुकतीच राणीखेतची लस झालेल्या पक्ष्याच्या पेशी आधीच चाळवलेल्या असतात. आणि आसपास बर्ड फ्लूची बातमी असेल, किंवा कळपात मरतूक सुरू असेल, तर तिथून थेंबभर रक्तही आणू नका. आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा.

३. पेशी ठरवा

दोन पर्याय आहेत.

पहिला, एचडी-११. ही कोंबडीच्या मॅक्रोफेजसारखी वागणारी सेल लाइन, एमसी-२९ या पक्ष्यांच्या विषाणूने रूपांतरित केलेली. आरपीएमआय-१६४० माध्यमात १० टक्के सीरम घालून वाढते. एलपीएसला चांगला प्रतिसाद देते आणि आजच्या पेशी कालच्यासारख्याच असतात. पहिला प्रयोग हिच्यावरच करा असं माझं स्पष्ट मत आहे. हात बसतो, अभिकारकं तपासून होतात, आणि त्यासाठी एकाही पक्ष्याला सुई टोचावी लागत नाही.

दुसरा, रक्तातल्या पेशी. खरा पक्षी, खरी विविधता, आणि खरा त्रासही. गोव्यात येणारे ब्रॉयलर बरेचसे बेळगाव-कोल्हापूरकडून येतात. रात्रभर ट्रकमध्ये चोर्ला घाट उतरून आलेल्या पक्ष्याच्या रक्तात ताणामुळे हेटरोफिल (माणसाच्या न्यूट्रोफिलसारख्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आणि लिम्फोसाइट घटलेले असतात. म्हणून शक्य असेल तर डिचोली-फोंड्याकडची एखादी स्थानिक पोल्ट्री गाठा, आणि सगळे पक्षी एकाच वयाचे, एकाच शेडमधले घ्या.

४. सामान

– एलपीएस, ‘अल्ट्राप्युअर’ दर्जाचा. साध्या एलपीएसमध्ये लिपोप्रोटिनं मिसळलेली असतात, ती टीएलआर-२ चालू करतात आणि तुम्ही श्रेय टीएलआर-४ला देता
– एन्डोटॉक्सिनमुक्त पाणी, कमी एन्डोटॉक्सिनचं सीरम (एन्डोटॉक्सिन म्हणजे एलपीएसच)
– फिनॉल रेडविना आरपीएमआय-१६४०
– पॉलिमिक्सिन बी (एलपीएस निकामी करणारं)
– आयनॉस रोखणारं एक रसायन, उदाहरणार्थ अमिनोग्वानिडिन
– नायट्राइट मोजणाऱ्या ग्रीस चाचणीची अभिकारकं : सल्फानिलअमाइड, एनईडी, फॉस्फोरिक आम्ल, सोडियम नायट्राइट
– रक्तासाठी १.०७७ घनतेचं ग्रेडियंट द्रावण, ईडीटीए नळ्या
– ९६ खणांच्या प्लेट, प्लेट रीडर

मागवताना कॅलेंडर समोर ठेवा. मुंबई-बंगळुरूहून शुक्रवारी निघालेलं बर्फातलं पार्सल शनिवार-रविवार गोदामात पडून राहतं. चवथीच्या आठवड्यात तर काहीच मागवू नका; घ्यायला संस्थेत कुणी नसेल. पार्सल निघण्याचा वार पुरवठादाराकडून ईमेलवर कबूल करून घ्या, आणि पोचल्यावर आतला बर्फ किती उरला आहे त्याचा फोटो काढून ठेवा.

५. रक्त आणि पेशी

रक्त पंखाच्या शिरेतून, प्रशिक्षित पशुवैद्यानेच घ्यावं. एका वेळी वजनाच्या एक टक्क्याच्या आत राहायचं. दोन किलोच्या पक्ष्यात ती मर्यादा २० मिली होते, पण तुम्हाला तीन-चार मिली पुरतात. तेवढंच घ्या.

रक्त बरोबरीच्या खारट बफरमध्ये मिसळा आणि ग्रेडियंटवर नळीच्या काठाने, थेंब थेंब, थर न मोडता सोडा. ४०० जी, ३० मिनिटं, ब्रेक बंद. द्रावण आणि सेंट्रिफ्यूज २० अंशांच्या आसपास हवेत. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत हे केलं तर द्रावणाची घनता बदलते आणि थर फाटका येतो. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरवर नसलेल्या सेंट्रिफ्यूजमध्ये नमुना घालण्याआधी आभाळाकडे एकदा बघून घ्या.

नळी बाहेर काढल्यावर वर पिवळसर प्लाझ्मा, तळाला गडद तांबड्या पेशी आणि मधे दुधाळ कडं दिसेल. ते कडं हळूच ओढून घ्यायचं. पिपेटचं टोक कड्याच्या जरा वर धरा आणि नळी फिरवत फिरवत ओढा. टोक खाली गेलं की तांबड्या पेशी वर येतात.

त्या थोड्या आल्याच, तर माणसाच्या रक्तासारखं अमोनियम क्लोराइडने फोडायला जाऊ नका. कोंबडीच्या तांबड्या पेशीला केंद्रक असतं. पेशी फुटली तरी केंद्रकं मागे राहतात, डीएनए सुटतो, आणि नळीत चिकट गोळा तयार होतो. त्यापेक्षा पुन्हा एकदा ग्रेडियंटवर घाला.

दुसरी अडचण थ्रॉम्बोसाइटची. माणसाच्या प्लेटलेट चिमुकल्या असतात आणि हळू फिरवून धुतल्या की निघून जातात. कोंबडीच्या थ्रॉम्बोसाइटना केंद्रक असतं, आकार जवळजवळ लिम्फोसाइटएवढा, आणि त्या त्याच कड्यात येऊन बसतात. वर त्या स्वतः एलपीएसला प्रतिसाद देतात. पेशी प्लेटला काही तास चिकटू द्या, कोमट माध्यमाने दोन-तीनदा धुवा आणि एका काचपट्टीवर गिम्सा रंग देऊन नेमकं काय उरलंय ते मोजा. मोनोसाइट-मॅक्रोफेज ओळखायला केयूएल-०१ हा प्रतिपिंड मिळतो. फ्लो सायटोमीटर हाताशी असेल तर जरूर वापरा.

ताज्या मोनोसाइटकडून लगेच भरघोस नायट्राइटची अपेक्षा धरू नका. मॅक्रोफेज व्हायला त्यांना काही दिवस द्यावे लागतात.

६. एलपीएसचं द्रावण

१ मिलिग्रॅम प्रति मिलीचा साठा करा. एलपीएसचे रेणू एकमेकांना आणि प्लास्टिकला चिकटतात. म्हणून चांगलं व्हॉर्टेक्स, थोडा वेळ सोनिकेटर, मग छोट्या छोट्या वाटण्या करून गोठवायचं. प्रत्येक वापराआधी पुन्हा व्हॉर्टेक्स. हे टाळलं तर पहिल्या खणात कमी आणि शेवटच्या खणात जास्त डोस जातो.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा धोका. एलपीएस ऑटोक्लेव्हमध्ये मरत नाही. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो पार होतो. म्हणजे तुमचं पाणी निर्जंतुक असूनही एन्डोटॉक्सिनने भरलेलं असू शकतं. गोव्याच्या दमट हवेत डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये आतून बुळबुळीत थर धरायला फार दिवस लागत नाहीत. बफर त्याच पाण्यातून केलं, की एलपीएस न दिलेल्या पेशीही जाग्या होतात, आणि मग ‘माझ्या पेशी प्रतिसादच देत नाहीत’ असं वाटू लागतं. खरं तर त्यांनी प्रतिसाद आधीच देऊन टाकलेला असतो. काचेची भांडी २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवा. पाणी विकतचं, सीलबंद, एन्डोटॉक्सिन तपासलेलं घ्या. इथे पैसे वाचवू नका.

७. प्लेट मांडा

दर खणात एक लाख पेशी, २०० मायक्रोलिटर माध्यम, प्रत्येक स्थितीचे तीन खण. माध्यमात सीरम असू द्या, कारण एलपीएस सुटा करून सीडी-१४पर्यंत नेणारं प्रथिन सीरममध्ये असतं.

– पेशींविना नुसतं माध्यम
– पेशी, एलपीएस नाही
– पेशी आणि एलपीएस : १० नॅनोग्रॅम, १०० नॅनोग्रॅम, १ मायक्रोग्रॅम प्रति मिली
– १ मायक्रोग्रॅम एलपीएस, आधी अर्धा तास पॉलिमिक्सिन बी बरोबर ठेवलेला
– पेशी आणि नुसतं पॉलिमिक्सिन बी
– १ मायक्रोग्रॅम एलपीएस आणि आयनॉस-रोधक

पॉलिमिक्सिन बी एलपीएसला पकडून निकामी करतं. त्या खणातला प्रतिसाद पडला नाही, तर पेशींना जागं करणारं दुसरंच काहीतरी तुमच्या नळीत आहे.

पुढे कधी फ्लॅजेलिनवर काम कराल तेव्हा हीच मांडणी उलटी वापरा : पॉलिमिक्सिन बी घालूनही प्रतिसाद टिकला पाहिजे. ‘फ्लॅजेलिन प्रथिन आहे, प्रोटिएजने मारून दाखवू’ हा नियंत्रणप्रयोग उंदराच्या पेशींवर सरळ आहे. कोंबडीत टीएलआर-१५ प्रोटिएजलाच प्रतिसाद देऊ शकतो. तेव्हा एन्झाइम नीट निष्क्रिय करा, आणि नुसत्या निष्क्रिय केलेल्या एन्झाइमचा वेगळा खण ठेवाच.

तापमानाबद्दल. कोंबडीचं शरीर ४१-४२ अंशांवर असतं. एचडी-११ ३७ वरही वाढते आणि ४१ वरही. कुठलंही एक निवडा, पण मधे बदलू नका, आणि निबंधात लिहा. ४१ वर कडेचे खण लवकर सुकतात. त्यांत नुसतं बफर भरून प्रयोग आतल्या खणांत करा.

८. कधी काय मोजायचं

साखळीतला प्रत्येक टप्पा आपल्या वेळेला दिसतो. किनेजवरचं फॉस्फेट आणि आय-कप्पा-बीचं मोडणं पहिल्या १५ ते ६० मिनिटांत. आयएल-१ बीटा, आयएल-६चे आरएनए साधारण दोन ते सहा तासांत. नायट्राइट २४ तासांनी. चोवीस तासांनी वेस्टर्न ब्लॉट करून ‘पी-३८ जागा झालाच नाही’ असं लिहिण्यात अर्थ नाही.

ब्लॉटसाठी फॉस्फो-पी-३८ आणि फॉस्फो-ईआरकेचे सस्तन प्राण्यांसाठीचे प्रतिपिंड बहुधा कोंबडीतही चालतात, कारण तो तुकडा दोन्हींकडे जवळजवळ सारखाच आहे. सायटोकाइनच्या प्रतिपिंडांचं तसं नाही. ते कोंबडीसाठी तपासलेलेच घ्या. आरएनएसाठी डीएनएज (डीएनए मोडणारं एन्झाइम) टाळू नका. रक्तातून काम करताना केंद्रकवाल्या तांबड्या पेशींचा डीएनए सोबत येतोच.

९. ग्रीस चाचणी

नायट्रिक ऑक्साइड क्षणभर टिकतो आणि माध्यमात नायट्राइट होऊन साठतो. ५० मायक्रोलिटर माध्यम, त्यात ५० सल्फानिलअमाइड (१ टक्का, ५ टक्के फॉस्फोरिक आम्लात), दहा मिनिटं अंधारात, मग ५० एनईडी (०.१ टक्का), पुन्हा दहा मिनिटं. नायट्राइट असेल तर खण गुलाबी ते जांभळट होतो. अर्ध्या तासाच्या आत ५४० नॅनोमीटरवर वाचा. सोडियम नायट्राइटची शून्य ते १०० मायक्रोमोलर प्रमाणरेषा त्याच प्लेटवर, त्याच माध्यमात काढा. पाण्यात काढलेली रेषा चालत नाही.

नायट्राइट आणि नायट्रेट एकत्र मोजणारं किट आरपीएमआयवर वापरू नका. त्या माध्यमात कॅल्शियम नायट्रेट मुळातच असतं, सगळे खण सारखेच गडद येतील. आणखी एक : कोंबडी स्वतः आर्जिनिन बनवू शकत नाही, आणि आयनॉस नायट्रिक ऑक्साइड आर्जिनिनपासूनच बनवतं. माध्यम बदललंत, तर नव्या माध्यमात आर्जिनिन किती ते आधी बघा. नाहीतर माध्यमातला फरक तुम्ही पेशींच्या नावावर खपवाल.

त्याच प्लेटमधल्या पेशी जिवंत आहेत का, हेही रेझाझुरिन किंवा एमटीटीने पाहा. जास्त डोसला नायट्राइट घसरलं, तर बहुतेकदा पेशी मेलेल्या असतात.

१०. आकडे बसवताना

तीन खण म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एकाच दिवशीचे तीन खण मिळून एक आकडा होतो. एचडी-११वर वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा, रक्तावर वेगवेगळ्या पक्ष्यांवर निदान तितक्यांदा करून मगच सरासरीतल्या फरकाची चाचणी लावा. पक्ष्यापक्ष्यांत बराच फरक येतो. तो लपवू नका; आलेखात प्रत्येक पक्ष्याचा ठिपका स्वतंत्र दाखवा.

गाइडकडे जाताना रंगीत आलेखासोबत तीन गोष्टी न्या : प्लेट रीडरची मूळ फाइल, ‘पेशी, एलपीएस नाही’ या खणांचे आकडे, आणि ‘पॉलिमिक्सिन बी बरोबर ठेवलेला एलपीएस’ या खणांचे आकडे. हे दोन्ही आकडे खाली असतील तर १०० नॅनोग्रॅमचा डोस पक्का करा आणि पुढची प्लेट पी-३८च्या रोधकाची मांडा. पॉलिमिक्सिन बीचा आकडा वर असेल तर नवीन पाणी, नवीन बफर, नवीन सीरम घ्या आणि सहाव्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.